मजुरीचा दर आणि कामाचे माप : शेतमजुरीची दरनिश्चिती व तिचे परिणाम

शेतमजुरीच्या दराविषयी चर्चा निघाली की ती बहुधा दिवसाच्या एका आकड्यापाशी येऊन थांबते. शासनाने जाहीर केलेले किमान वेतन गावात प्रत्यक्ष मिळते की नाही, आणि ते शेतकऱ्याला परवडते की नाही, एवढेच दोन प्रश्न विचारले जातात. वस्तुतः हंगामातील पुष्कळशी जड कामे रोजंदारीने होत नाहीत. भाताची लावणी एकरावर, कापसाची वेचणी किलोवर, उसाची तोडणी टनावर आणि सोयाबीनची कापणी पुन्हा एकरावर उक्ती दिली जाते. अशा कामात दिवसाचा दर कोठेच लिहिलेला नसतो. एका माणसाने दिवसभरात किती काम उरकले यावरून तो काढावा लागतो. त्यामुळे दर ठरविणारी यंत्रणा कामाचे माप ठरवीत नसेल, तर तिने अर्धेच काम केलेले असते. हे अर्धे राहिलेले काम मजुराला आणि शेतकऱ्याला कसे भोवते, याचे देशातील काही अनुभव या लेखात मांडले आहेत. विस्तार कार्यकर्त्यांना गावपातळीवर करता येईल असा हिशेबही लेखाच्या उत्तरार्धात दिला आहे.

कायद्याची चौकट

किमान वेतन अधिनियम, १९४८ मध्ये अनुसूचीचे दोन भाग होते आणि दुसरा भाग केवळ शेतीसाठी राखून ठेवलेला होता. दर ठरविण्याच्या दोन रीती या कायद्याने दिल्या. पहिल्या रीतीत मालक व कामगार यांचे समसमान प्रतिनिधी आणि काही स्वतंत्र सदस्य यांची समिती नेमून तिचा सल्ला घेतला जाई. दुसऱ्या रीतीत प्रस्तावित दर राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती मागविल्या जात. पाच वर्षांच्या आत दरांचा फेरविचार अपेक्षित होता. दर किती असावा याविषयी १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने काही निकष घालून दिले. कमावत्या व्यक्तीमागे तीन उपभोग-एकके, प्रौढ व्यक्तीला २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के असा तो हिशेब होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मधील एका निकालात मुलांचे शिक्षण, औषधोपचार आदींसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. १९९६ पासून केंद्र शासन राष्ट्रीय किमान पातळीचा दरही सुचवीत आले. आरंभी तो दिवसाला ३५ रुपये होता, २०१७ मध्ये १७६ रुपये झाला. परंतु तो राज्यांवर बंधनकारक नव्हता. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने अनुसूचीची पद्धत काढून टाकली, सर्व कामगारांना किमान वेतनाच्या कक्षेत आणले आणि केंद्राने ठरविलेल्या तळदराच्या खाली राज्याचा दर जाणार नाही, अशी तरतूद केली.

या सर्व तरतुदींत एक कलम शेतीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे, आणि त्याचाच उल्लेख सर्वांत कमी होतो. उक्त्या कामासाठी स्वतंत्र किमान दर ठरविलेला नसेल, तेथे उक्ते काम करणाऱ्यालाही वेळेनुसार ठरलेल्या किमान दरापेक्षा कमी मोबदला देता येत नाही. ही तरतूद १९४८ च्या कायद्यात होती आणि नव्या संहितेतही ती कायम आहे. म्हणजे "काम उक्ते दिले आहे, तेव्हा किमान वेतनाचा प्रश्नच नाही" ही गावोगाव रूढ असलेली समजूत कायद्याला धरून नाही. मात्र ही तरतूद अमलात आणायची तर किती तासांत किती काम झाले याची नोंद हवी, आणि ती नोंद शेतावर कोणी ठेवीत नाही.

माप चुकले की दर चुकतो

दर आणि माप यांच्या संबंधाचा सर्वांत बोधप्रद अनुभव महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने दिला. १९७२-७३ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेली ही योजना पुढे कायद्याच्या आधारावर उभी राहिली. मजुरी मापावर होती. सर्वसाधारण प्रकृतीच्या माणसाने सात तास मन लावून काम केल्यास त्याला शेतीच्या किमान वेतनाइतकी मिळकत व्हावी, अशा बेताने मातीकाम, खडीफोड आदींची दरसूची बांधलेली होती. माती मुरमाड की काळी, खोदाई किती खोल, माती किती अंतरावर टाकायची, यांनुसार दर निरनिराळे होते. दिवसाच्या वेतनाला मापाचा असा आधार देण्याचा प्रयत्न देशात इतक्या तपशिलाने क्वचितच झाला असेल.

१९८८ मध्ये राज्यातील शेतीचे किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले आणि त्याबरोबर योजनेचे दरही वाढले. मजुराच्या हिताच्या दृष्टीने हे पाऊल आवश्यकच होते, कारण आधीचा दर तुटपुंजा होता. परंतु त्यानंतर कामांवरील उपस्थिती घटली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, दरवाढीनंतर मिळालेला रोजगार हा कामाच्या मागणीच्या मानाने कमी होता. मागेल त्याला काम ही हमी व्यवहारात सैल झाली होती. दर वाढला, पण खर्चाची तरतूद त्या प्रमाणात वाढली नाही, तर कामाचे दिवस आटतात, हा त्यातला धडा आहे. दरवाढ चुकीची होती असा त्याचा अर्थ काढणे मात्र योग्य ठरणार नाही. ज्या मजुरांना काम मिळाले त्यांची मिळकत सुधारली. ज्यांना मिळाले नाही, त्यांची नोंद दराच्या आकड्यात झाली नाही, इतकेच.

उसाच्या टनाचा हिशेब

खासगी क्षेत्रात मापावरच्या मजुरीचे सर्वांत मोठे उदाहरण ऊसतोडणीचे आहे. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामापूर्वी मुकादमामार्फत उचल घ्यायची, घर सोडून कारखान्याच्या क्षेत्रात यायचे आणि टनावारीने ती फेडायची, ही पद्धत महाराष्ट्र, कर्नाटक आणि दक्षिण गुजरात येथे आढळते. दर ठरविण्याच्या रीती मात्र राज्याराज्यांत भिन्न आहेत. महाराष्ट्रात साखर कारखान्यांचा संघ आणि तोडणी कामगार व मुकादमांच्या संघटना यांच्यात वाटाघाटी होऊन करार होतो. २०२० च्या हंगामात १४ टक्के आणि जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली. त्यामुळे तोडणीचा मूळ दर टनामागे सुमारे २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपयांवर गेला. गुजरातमध्ये ऊसतोडणीचा टनामागचा किमान दर शासन ठरविते. तेथे २०२३ मध्ये तो २३८ रुपयांवरून ४७६ रुपये, म्हणजे थेट दुप्पट करण्यात आला. डांग आणि नंदुरबारकडून दक्षिण गुजरातेत जाणाऱ्या मजुरांना हा फरक चांगला ठाऊक असतो.

३६६ रुपयांचा दिवसाच्या मिळकतीशी मेळ घालून पाहावा. समजा एका कोयत्याने दिवसात दोन टन ऊस तोडून, मोळ्या बांधून वाहनात भरला. मिळकत ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६ रुपये. परंतु पहाटे फडात शिरण्यापासून रात्री वाहन भरून निघेपर्यंत बारा तास गेले असतील, तर आठ तासांच्या दिवसाला माणशी २४४ रुपयेच पडतात. ऊस लोळलेला असेल, फडात चिखल असेल किंवा वाहन उशिरा आले असेल, तर त्याच बारा तासांत सव्वा टनच ऊस निघतो. मग माणशी मिळकत २२९ रुपये आणि आठ तासांच्या हिशेबाने सुमारे १५३ रुपये होते. कराराचा दर दोन्ही दिवशी एकच आहे. मापात फडाची स्थिती, मोळ्या वाहून नेण्याचे अंतर आणि वाहनाची प्रतीक्षा धरली गेली नाही, म्हणून त्याचा भार मजुरावर पडतो.

तो भार तेथेच थांबत नाही. लोळलेल्या उसाला तोडणी मिळेनाशी झाली की शेतकऱ्याकडे 'खुशाली' मागितली जाते, वाहनचालकाची 'एन्ट्री' निराळीच द्यावी लागते. शेतकरी याला लूट म्हणतो आणि पुष्कळदा ती असतेही. परंतु करारातील दर सरळ उभ्या उसाला आणि लोळलेल्या उसाला एकच ठेवला, की कठीण फडाची किंमत बांधावर, अडलेल्या शेतकऱ्याकडून आणि पावतीवाचून वसूल होते, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. उसाचा रास्त व किफायतशीर दर कारखान्याच्या दारात पोहोच उसासाठी असतो. महाराष्ट्रात तोडणी व वाहतूक कारखाना करतो आणि तो खर्च शेतकऱ्याच्या बिलातून वजा होतो. म्हणजे तोडणीची मजुरी अखेरीस ऊस उत्पादक देतो, मात्र दर ठरविणाऱ्या बैठकीत त्याचा प्रतिनिधी नसतो. उत्तर प्रदेशात शेतकरी स्वतः ऊस तोडून कारखान्याला घालतो, त्यामुळे तेथे हा खर्च त्याच्या नजरेसमोर असतो. २०२३-२४ च्या हंगामात मूळ उताऱ्याचा रास्त दर टनाला ३,०५० वरून ३,१५० रुपये, म्हणजे १०० रुपयांनी वाढला. त्याच हंगामात तोडणीचा दर सुमारे ९३ रुपयांनी वाढला. एकरी ४० टन ऊस काढणाऱ्या शेतकऱ्याला हा बोजा सुमारे ३,७२० रुपयांचा झाला, मुकादमाचे कमिशन वेगळे. दरवाढ सगळी तोडणीतच गेली, ही शेतकऱ्यांची तक्रार त्या एका वर्षापुरती अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण २०२२-२३ ते २०२५-२६ असा तीन वर्षांचा पल्ला घेतला, तर रास्त दर ३,०५० वरून ३,५५० रुपयांवर गेलेला दिसतो. पाचशे रुपयांच्या त्या वाढीपुढे ९३ रुपये फार नाहीत. मजुरी तीन-तीन वर्षे गोठवून नंतर एकदम वाढविण्याच्या पद्धतीमुळे मधल्या काळात मजूर सोसतो आणि वाढीच्या वर्षी शेतकरी. किमान वेतनाला जशी महागाई निर्देशांकाशी जोडलेली सहामाही भत्त्याची जोड असते, तशी थोडी थोडी वार्षिक वाढ या करारांतही असेल, तर दोन्ही पक्षांना हिशेब बांधणे सोपे जाईल.

दर वाढला की शेतकरी काय करतो

मजुरी वाढल्यास रोजगार घटतो, हे पाठ्यपुस्तकातील विधान शेतीला अर्धवटच लागू पडते. ते कोठे लागू पडते हे पाहण्यासाठी केरळचे उदाहरण नेहमी दिले जाते. रिझर्व्ह बँकेने संकलित केलेल्या आकडेवारीनुसार २०२२-२३ मध्ये ग्रामीण पुरुष शेतमजुराची सरासरी दैनिक मजुरी केरळमध्ये ७६४ रुपये, तर मध्य प्रदेशात २२९ रुपये होती. देशाची सरासरी सुमारे ३४६ रुपये होती. केरळात संघटित मजूर चळवळ आणि १९७४ चा शेतमजूर कायदा यांमुळे दर लवकर वाढले. त्याच राज्यात भाताखालील क्षेत्र सत्तरच्या दशकाच्या मध्यास सुमारे ८.८ लाख हेक्टर होते, ते आता सुमारे २ लाख हेक्टरवर आले आहे. मजूर कमी लागणाऱ्या रबर, नारळ यांसारख्या पिकांकडे शेतकरी वळला. परंतु या घसरणीचे सगळे श्रेय अथवा अपश्रेय मजुरीला देता येणार नाही. रबराचा मोबदला, जमिनीचा बिगरशेती वापर आणि परदेशातून येणारा पैसा यांचाही त्यात मोठा वाटा होता. कुट्टनाडमधील उरलेल्या भातशेतीत आज कापणी बहुतांशी यंत्राने होते. एके काळी तेथे यंत्रांना कडवा विरोध झाला होता.

पंजाबचा अनुभव निराळा आहे. तेथे भूजल वाचविण्यासाठी २००९ च्या कायद्याने भाताच्या लावणीला ठरावीक तारखेपूर्वी मनाई केली. भूजलाच्या दृष्टीने ते योग्यच होते, परंतु लावणी थोड्या दिवसांत दाटून आली आणि त्या दिवसांतील मजुरांची मागणी तीव्र झाली. २०२० च्या टाळेबंदीत बिहार व उत्तर प्रदेशातून येणारे मजूर आले नाहीत, तेव्हा एकरी लावणीचे दर चढले. काही पंचायतींनी कमाल दर बांधून देणारे ठराव केले. किमान वेतनाचा कायदा मजुराला तळ देतो. येथे गावाने त्याच्या डोक्यावर छत घालण्याचा प्रयत्न केला, आणि तोही बहुतांश जमीनधारकांच्या पुढाकाराने. स्थानिक, मुख्यतः दलित मजुरांच्या संघटनांनी त्याला विरोध केला. याच वर्षी पंजाब कृषी विद्यापीठाच्या 'तर-वत्तर' पद्धतीने भाताची थेट पेरणी मोठ्या क्षेत्रावर झाली. तण आणि लोहाची कमतरता या अडचणींमुळे सर्वच शेतकरी पुढे तिच्यावर टिकले नाहीत. मजुरी वाढली म्हणून तंत्रज्ञान आपोआप रुजत नाही. मजूर मिळू लागताच जुनी पद्धत परत येऊ शकते.

तळदर उपयोगी कधी ठरतो

शेतमजुरीचा बाजार वर्षभर एकसारखा नसतो. लावणी-कापणीच्या दिवसांत गावातला दर अनेक ठिकाणी कायद्याच्या दराच्या वर जातो. तेव्हा कायद्याचा दर कोणाच्या खिजगणतीतही नसतो. तो उपयोगी पडतो रिकाम्या महिन्यांत, आणि जेथे मजूर उचलीने किंवा सालाने एकाच मालकाशी बांधलेला आहे तेथे. मजूर घेणारा गावात एकच असेल, किंवा दोघे-चौघे संगनमताने दर ठेवीत असतील, तर ते श्रमाच्या मोलापेक्षा कमी मजुरी देऊ शकतात, आणि कमी दरात येणारे हात कमी म्हणून कमी माणसेही लावतात. अशा ठिकाणी तळदर वाढल्यास मजुरी आणि रोजगार दोन्ही वाढू शकतात.

हा केवळ तर्क नाही. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाची अंमलबजावणी २००६ ते २००८ या काळात टप्प्याटप्प्याने झाली. क्लेमां इंबेर आणि जॉन पॅप यांच्या अभ्यासानुसार आधी समाविष्ट झालेल्या जिल्ह्यांत कोरड्या हंगामातील खासगी रोजंदारी सुमारे ४.७ टक्क्यांनी वाढली. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी अविभाजित आंध्र प्रदेशात मजुरी वेळेवर व पूर्ण पोहोचविण्याच्या स्मार्टकार्ड व्यवस्थेचा अभ्यास केला. त्यात गरीब कुटुंबांच्या उत्पन्नात झालेल्या वाढीचा मोठा भाग योजनेतून नव्हे, तर खासगी कामांतून आल्याचे आढळले. खासगी रोजगार त्यामुळे घटला नाही. मजुराच्या हाती दुसरा पर्याय असला, की बांधावरची वाटाघाट बदलते.

गावाचाही स्वतःचा एक अलिखित दर असतो. चांगल्या पावसाच्या वर्षी वाढलेली मजुरी पुढच्या कोरड्या वर्षी खाली येत नाही, त्याऐवजी मजूर लावण्याचे दिवस घटतात, हे सुप्रीत कौर यांनी अनेक वर्षांच्या जिल्हावार आकडेवारीवरून दाखविले. ओडिशातील एका प्रयोगात, इतरांना कळणार असेल तर बेकार मजूरही रूढ दरापेक्षा कमी मजुरीवर काम घेण्यास कचरतात, असे दिसून आले. शासकीय दर गावात उतरतो तो या रूढ दराच्या वाटेने. राजपत्र कोणी वाचत नाही, पण शेजारच्या गावात काय मिळते ते दोनच दिवसांत सर्वांना कळते.

स्त्रियांच्या बाबतीत हा रूढ दर सर्वांत चिवट ठरला आहे. समान काम अथवा समान स्वरूपाच्या कामाला समान मोबदला हे तत्त्व १९७६ पासून कायद्यात आहे. परंतु खुरपणी, लावणी ही 'बायकांची' आणि नांगरणी, फवारणी ही 'गड्यांची' कामे अशी वाटणी केली, की तुलनेला समान काम उरतच नाही. किलोवर होणाऱ्या वेचणीत स्त्री-पुरुष भेद आपोआप मिटतो, हा मापावरच्या मजुरीचा एक चांगला गुण मानावा लागेल. कोयत्याच्या पद्धतीत मात्र तो पुन्हा हरवतो. जोडी एकच एकक धरली जाते, हिशेब व उचल पतीच्या नावावर असते आणि पत्नीची मजुरी कोणत्याही वहीत स्वतंत्रपणे दिसत नाही.

शिफारस करताना मापाचा विचार

विस्तार कार्यकर्त्यांचा या विषयाशी थेट संबंध येतो तो नव्या पद्धतींची शिफारस करताना. भाताचे उदाहरण घेता येईल. समजा एका गावात लावणीचा उक्ता दर एकरी ४,००० रुपये आहे आणि आठ मजूर एका दिवसात एक एकर लावतात. माणशी ५०० रुपये पडतात. आता दोरीवर, ठरावीक अंतरावर, एका चुडात कमी रोपे ठेवून लावणी करण्याची शिफारस केली. बियाणे वाचते, कोळपणी सोपी होते, उत्पादन वाढण्याची शक्यता असते. परंतु सवय होईपर्यंत त्याच एकराला अकरा माणसे लागतात. दर ४,००० च राहिला, तर माणशी मिळकत ३६४ रुपयांवर येते. मग टोळी दुसऱ्या शेतावर जाते, किंवा दोरी बाजूला ठेवून जुन्याच रीतीने हात चालविते. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर यशस्वी झालेली पद्धत गावात का टिकली नाही, याचे उत्तर बहुधा 'मजुरांची मानसिकता' या शब्दांत दिले जाते. ते उत्तर सोयीचे आहे, बरोबर नाही. मजुराला पूर्वीइतके मिळायचे तर एकरी ५,५०० रुपये द्यावे लागतील. हे जादा १,५०० रुपये वाढीव उत्पादनातून निघतात की नाही, हे शिफारशीच्या पत्रकातच सांगितले पाहिजे.

कापसाच्या वेचणीतही हाच प्रकार आहे. समजा दर किलोला १० रुपये आहे. पहिल्या वेचणीत बोंडे भरपूर फुटलेली असताना एक मजूर दिवसाला ३५ किलो वेचतो आणि ३५० रुपये मिळवितो. तिसऱ्या वेचणीत १८ किलोच होतात, मिळकत १८० रुपये. स्थानिक किमान वेतन समजा ३३० रुपये असेल, तर तिसऱ्या वेचणीला किलोमागे सुमारे १८ रुपये ३३ पैसे दर द्यावा लागेल. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, म्हणजे किलोला सुमारे ७५ रुपये. वेचणीलाच त्यातले २४ टक्के जातात, आणि तिसऱ्या वेचणीच्या कापसाला पूर्ण भाव बहुधा मिळत नाही. अशा वेळी वेचणी करावी की फरदडीचा मोह सोडून पीक काढून टाकावे, हा निर्णय शेतकऱ्याने घ्यायचा आहे. गुलाबी बोंडअळीचा विचार करता पीक वेळेवर काढणे अनेकदा हिताचेच ठरते. मजुराला १८० रुपयांत राबवून मात्र तो निर्णय पुढे ढकलू नये.

हे हिशेब करण्यासाठी मोठ्या पाहणीची गरज नाही. गावातील दोन-तीन शेतांवर, हंगामाच्या सुरुवातीला, मध्यात आणि शेवटी अशा तीन दिवशी नोंद घेतली तरी पुरेसे चित्र मिळते. माणसे किती (स्त्रिया व पुरुष स्वतंत्र), काम सुरू केव्हा झाले आणि संपले केव्हा, त्यात वाहनाची किंवा पाण्याची वाट पाहण्यात किती वेळ गेला, एकूण काम किती झाले आणि त्याचे पैसे किती, एवढेच लिहावे. पैशांना माणसांच्या एकूण तासांनी भागून आठने गुणले, की आठ तासांची माणशी मजुरी मिळते. ती त्या राज्याच्या चालू किमान दराशी ताडून पाहावी. वाट पाहण्याचा वेळ वगळू नये, कारण तो वेळही मजुराने त्याच शेतावर घालविलेला असतो. नोंद मजुरांसमोर करावी आणि आकडा त्यांनाही सांगावा, अन्यथा ती शेतकऱ्याची बाजू म्हणून संशयाने पाहिली जाते.

लहान शेतकऱ्यांच्या गावात हे काम वाटते तितके अवघड जात नाही. तेथे पुष्कळ कुटुंबे एका हंगामात मजूर लावतात आणि दुसऱ्या हंगामात स्वतः मजुरीला जातात. वेचणीचा दर वाढावा असे त्यांना नोव्हेंबरात वाटत नसले, तरी फेब्रुवारीत दुसऱ्याच्या शेतावर हरभरा काढताना वाटते. दराची बोलणी हंगाम ऐन भरात असताना, मजूर अडवून किंवा शेतकऱ्याला अडवून होतात, त्यामुळे ज्याची अडचण मोठी तो हरतो. पेरणी आटोपल्यावर, श्रावणातल्या एखाद्या ग्रामसभेत किंवा शेतकरी गटाच्या बैठकीत मागच्या हंगामाची ही वही उघडली, तर पहिल्या व तिसऱ्या वेचणीला वेगळा दर, लोळलेल्या पिकाच्या कापणीला वेगळा दर, आणि वाहन दोन तासांपेक्षा उशिरा आल्यास खोटीपोटी ठरावीक रक्कम, अशा गोष्टी आधीच ठरविता येतात.